दोन फळ्यांमधला कोपरा

२ नोव्हेंबर

ठरलं. अमेरिकन फोटोग्राफर अर्व्हिंग पेननं १९४८ साली काढलेले कोपऱ्यातले पोर्ट्रेट समोर ठेवून दहा माणसांचे फोटो काढायचे. वेळ फक्त रविवारचा, म्हणजे नाही म्हटलं तरी तीन महिने जाणार.

पेननं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन उंच फळ्या एकमेकींना भिडवून एक अरुंद कोपरा केला आणि नावाजलेल्या माणसांना त्यात उभं केलं. लेखक ट्रूमन कपोटी, चित्रकार जॉर्जिया ओकीफ, संगीतकार इगोर स्ट्राव्हिन्स्की, मुष्टियोद्धा जो लुई, कलावंत मार्सेल द्यूशाँ. हे सगळं ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकासाठी काम करणारा माणूस करत होता, हे लक्षात घेतलं की गंमत वाढते. ना झुंबर, ना सोफा, ना दिवाणखाना. जो लुई तेव्हा जगज्जेता होता. त्याचं अर्धं आयुष्य रिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर बसण्यात गेलेलं, त्यालाही पेननं कोपराच दिला.

मला हे का करायचंय? माझे गेल्या पाच वर्षांतले पोर्ट्रेट काल सलग पाहिले. सगळे ८५ मिमीच्या लेन्सवर, छिद्र सताड उघडं, मागचं सगळं विरघळलेलं. डोळे धारदार आणि कानापासून पुढे धुकं. माणूस कुठे उभा आहे ते कळत नाही, आणि कमरेखाली त्याला काही आहे की नाही तेही नाही. मोजून पाहिलं : एकशे बारा फोटोंपैकी फक्त नऊ फोटोंत दोन्ही हात दिसतात. हात आले की मी चौकट कापतो. ही सवय आहे, आणि तिच्या मुळाशी भीती आहे.

नियम : कोपरा एकच. उजेड खिडकीचा. कृष्णधवल. डोक्यापासून पायापर्यंत माणूस. फार तर एक खुर्ची. ‘हसा’ म्हणायचं नाही.

९ नोव्हेंबर

फळ्या आल्या. ६ मिमी प्लायवूड, ४ फूट बाय ८ फूट, मागे लाकडी चौकट. नाटकवाले अशा फळीला ‘फ्लॅट’ म्हणतात. मीही घरात तसंच म्हणालो, ‘दोन फ्लॅट घेतले.’ पुढची दहा मिनिटं खुलासा करण्यात गेली. इथून पुढे फळीच.

कोन किती ठेवायचा, हा आजचा खरा प्रश्न होता. फळीची रुंदी १.२ मीटर. काटकोनात उभ्या केल्या तर कोपऱ्याचं तोंड १.७ मीटर होतं, आणि तो नुसता खोलीचा कोपरा दिसतो. कुणाच्याही घरात असतो तसा. ४५ अंशांवर तोंड ९२ सेंटिमीटर. त्यात मी स्वतः उभा राहिलो तर खांदे दोन्हीकडे अडले आणि पाठीमागे अर्ध्या मीटरची पोकळी उरली. कपाटात कोंबल्यासारखं वाटलं. ६० अंशांवर तोंड बरोबर १.२ मीटर (समभुज त्रिकोण, शाळेतली भूमिती एकदाची कामाला आली). मागे सरकलं की खांदे भिंतींना टेकतात, पुढे आलं की मोकळे होतात. म्हणजे माणसाला निवड उरते. ६० पक्के.

फळ्या नुसत्या टेकवून ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्यातली एक धाडकन खाली आली. दहा-अकरा किलोचं वजन, खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आता मागे तिरके टेकू आणि त्यांच्यावर वाळूच्या पिशव्या. वरच्या बाजूला बिजागऱ्यांऐवजी क्लॅम्प, म्हणजे कोन हवा तसा बदलता येतो.

१६ नोव्हेंबर

अख्खा दिवस वाया. नाही, वाया म्हणता येणार नाही, पण फोटो एकही नाही.

पोर्ट्रेटला बाजूनं उजेड घ्यायचा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कोपरा खिडकीच्या कडेला आडवा लावला. खिडकी डावीकडे. टायमर लावून स्वतःचे चार फोटो काढले. चारही काळे. कारण उघड आहे आणि तरी मला ते तासाभरानं सुचलं : डावी फळीच उजेड अडवत होती. मोकळ्या खोलीत बाजूचा उजेड गालावर येतो, कोपऱ्यात तो आधी भिंतीच्या पाठीवर आपटतो.

मग कोपरा थोडा थोडा खिडकीकडे वळवत गेलो. शेवटी कॅमेरा ज्या रेषेत पाहतो तिच्यापासून खिडकी साधारण ४० अंश डावीकडे, माझ्या खांद्यामागे, अशी मांडणी जमली. आता डावी फळी गडद, उजवी उजळ, दोघींत दोन स्टॉपचा (म्हणजे उजेडाच्या चौपटीचा) फरक, आणि मधला सांधा सरळ काळ्या रेघेसारखा. एक अडचण राहिली आणि ती राहूच दिली : डाव्या फळीच्या कडेची सावली कोपऱ्यात तिरकी शिरते. माणूस अगदी तळाशी गेला की चेहरा अंधारात जातो, अर्धं पाऊल पुढे आला की उजळतो. फरशीवर खडूची खूण करून ठेवावी असं वाटलं होतं. केली नाही.

बाकीची मांडणी : ५० मिमी लेन्स, माणसापासून कॅमेरा ३.५ मीटर, उंची १.१ मीटर, कॅमेरा अगदी समतल. डोळ्यांच्या उंचीवरून खाली झुकवला की फळ्यांच्या उभ्या कडा तळाशी आत झुकतात आणि कोपरा पडायला आल्यासारखा दिसतो. छिद्र ५.६, त्यात पुढच्या कडांपासून मागच्या सांध्यापर्यंत सगळं स्पष्ट. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००, शटर १/६० सेकंद.

फळ्यांच्या बाहेरच्या कडा चौकटीत येतात. पलीकडे खोलीची खरी भिंत, टेकूचं टोक दिसतं. कापावं की ठेवावं? पेनच्या काही फोटोंत कडा आणि पलीकडचा स्टुडिओ दिसतो. हा कोपरा खोटा आहे, हे तो लपवत नाही. ठेवणार.

१८ नोव्हेंबर

रंग. आधी फिकट राखाडी दिला होता. चाचणीच्या फोटोंत चेहऱ्याची सावलीकडची बाजू पिठूळ दिसली. दोन भिंती इतक्या जवळ असल्या की त्या एकमेकींवर आणि माणसावर उजेड फेकत राहतात. सावली उरतच नाही. आता दोन छटा गडद, मॅट. मॅटचा तोटा एकच, बोट लागलं की डाग दिसतो.

२३ नोव्हेंबर

पहिला माणूस : धाकटा भाऊ.

मी एक मूर्खपणा केला. पेनच्या फोटोत स्ट्राव्हिन्स्की कानामागे हात धरून उभा आहे, जणू काही ऐकतोय. तो फोटो भावाला दाखवला आणि म्हणालो, ‘असा उभा राहा.’ तो राहिला. चाळीस फोटो काढले. सगळ्यांत एकच माणूस दिसतो : फोनची रेंज येत नाही म्हणून वैतागलेला.

‘दादा, मी काय ऐकतोय ते तरी सांग,’ म्हणाला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्ट्राव्हिन्स्की संगीतकार होता, त्याचा हात कानाशी जाण्याला त्याचं सगळं आयुष्य मागे होतं. माझा भाऊ हिशेबाचं काम करतो. हात उसना घेतला तर उसनाच दिसणार.

मग कपोटीसारखं खुर्चीवर गुडघे टेकवून पाहिलं. कपोटीच्या अंगात मोठा ओव्हरकोट, हात खिशात, सगळा देह एका गाठोड्यात. भावाच्या अंगात टी-शर्ट. तो खुर्चीवर चढून माळ्यावरचं काहीतरी काढतोय असं वाटत होतं. आम्ही दोघंही हसलो आणि तिथेच थांबलो.

एकही फोटो ठेवला नाही. त्याला पुन्हा बोलावणार.

३० नोव्हेंबर

दोघं जण आले, एक मित्र आणि त्याची बायको, वेगवेगळे फोटो. यावेळी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तर मी इतका गप्प राहिलो की तेच अवघडले. मित्र पूर्ण वेळ राष्ट्रगीताला उभा असल्यासारखा. तिनं हात आधी समोर बांधले, मग मागे, मग कमरेवर, मग पुन्हा समोर. शेवटी विचारलं, ‘हातांचं काय करू?’

हा प्रश्न फोटो काढून घेणारा प्रत्येक माणूस विचारतो. माझं ठरलेलं उत्तर ‘काही नको, सैल सोडा’. ते ऐकून आजवर एकाचाही हात सैल सुटलेला नाही.

७ डिसेंबर

आत्या आली. वय ७४. कोपरा पाहून दारातच म्हणाली, ‘अरे, मी काय गुन्हा केला? मला कोपऱ्यात उभं करतोस?’

मराठीत ‘कोपऱ्यात उभा राहा’ म्हणजे शिक्षाच. हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. इंग्रजी मथळ्यांचे फोटो बघत बसलो होतो ना. पण तिनं म्हटल्यावर भावाच्या आणि मित्राच्या चेहऱ्यावरचं ते अवघडलेपण आठवलं. दोघंही गृहपाठ विसरलेल्या पोरांसारखे उभे होते.

तिच्या चष्म्यात खिडकी अख्खीच्या अख्खी उमटत होती, चार तावदानांसकट. डोळे दिसेनात. म्हणालो, ‘आत्या, चष्मा काढतेस का जरा?’ तिनं काढला, माझ्या हातात दिला आणि मागे वळून कोपऱ्यात शिरली. आता चष्म्याशिवाय तिला दोन हातांपलीकडचं धूसर दिसतं. म्हणून ती चालताना उजवा हात पुढे करून भिंत चाचपत गेली. भिंत लागली, तळवा तिथेच सपाट टेकला आणि ती माझ्या दिशेनं, म्हणजे माझा जो काही पुसट आकार तिला दिसत असेल त्या दिशेनं, वळली.

मी दाबलं. एकच फोटो. नंतर आणखी बावीस काढले, पण सगळं त्या एकात आहे. बोटं फाकलेली, अंगठा जरा वर, मनगटावरची शीर उजेडात. हात काही ‘ठेवलेला’ नाही. तो तिथे कामासाठी गेला होता आणि काम संपलं तरी परत आला नाही.

जाताना तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. चष्मा लावून पाहिला. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘बरा आहे.’ आमच्या घरात ‘बरा आहे’ला बरेच अर्थ आहेत.

भिंतीवर तिच्या तळव्याचा डाग राहिलाय.

१४ डिसेंबर

कुणी आलं नाही. पेनचे फोटो पुन्हा पाहिले, यावेळी फक्त हात.

कपोटीचे हात खिशात लपलेले. द्यूशाँचा पाइपभोवती. स्ट्राव्हिन्स्कीचा कानाशी. प्रत्येकाच्या हातांना जायला जागा आहे, मग ती जागा खिसा का असेना. मला इतके दिवस वाटत होतं की या फोटोंची ताकद कोपऱ्याच्या आकारात आहे, त्या दोन तिरक्या भिंती, तो मधला सांधा. आकार छान आहेच. पण कोपरा माणसाला आधी टेकायला काहीतरी देतो. मोकळ्या पडद्यासमोर माणसाला त्याच्या हातांशिवाय दुसरं काहीच नसतं, आणि म्हणून ते त्याला जड होतात.

याच्या उलट टोकाला पेननंच १९५०-५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क इथे काढलेली ‘स्मॉल ट्रेड्स’ ही मालिका आहे. कसाई, पाववाले, धुराडी साफ करणारे, सगळे आपापल्या कामाच्या कपड्यांत आणि हातात आपापली हत्यारं घेऊन. पॅरिसमध्ये त्याला जुन्या फोटोग्राफी शाळेचा सर्वांत वरचा मजला मिळाला होता, उत्तरेच्या उजेडाचा, आणि मागे एक जुना नाटकाचा पडदा. तो पडदा त्यानं पुढे आयुष्यभर वापरला. तिथे कोपरा नाही, भिंत नाही, पण हातांचा प्रश्नच येत नाही, कारण हातात सुरी आहे, परात आहे, ब्रश आहे. याच्या आधी, १९४८ च्या डिसेंबरात, तो पेरूमधल्या कुझ्को गावात होता. तिथल्या एका स्थानिक फोटोग्राफरचा स्टुडिओ त्यानं नाताळच्या दिवसांत भाड्यानं घेतला आणि फोटो काढून घ्यायला येणाऱ्या लोकांचे फोटो स्वतःच काढले. म्हणजे ज्या वर्षी न्यूयॉर्कचे नामांकित लोक कोपऱ्यात उभे राहिले, त्याच वर्षाअखेर डोंगरातली खेडूत माणसं तितक्याच रिकाम्या जागेत त्याच्यासमोर होती. मला या दोन्हींत फारसा फरक दिसत नाही, आणि हे मी कौतुक म्हणून लिहितोय.

पुढच्या रविवारसाठी ठरवलं : पोज सांगायची नाही, पण गप्पही बसायचं नाही. काहीतरी करायला सांगायचं. ‘भिंत कुठे खरखरीत आहे ते बघ.’ ‘सांधा सरळ आहे का?’

२१ डिसेंबर

भाऊ परत आला. म्हटलं, ‘फळी हलतेय का बघ जरा.’ त्यानं खांदा लावून ढकलून पाहिली, मग तसाच टेकून राहिला, दुसरा हात खिशात. माझ्याकडे वैतागून बघतोय. हा तोच आहे. ठेवला.

मित्र जमला नाही. काही माणसं कुठेही राष्ट्रगीताला उभी असतात. त्याची बायको मात्र दोन्ही कोपर मागे टेकवून अशी सैलावली की चपलेचं टोकही वर उचललं गेलं.

२८ डिसेंबर

ज्यांनी फळ्या करून दिल्या ते मिस्त्री आज आले. फोटोसाठी बोलावलं होतं, म्हणून इस्त्रीचा सदरा घालून. कोपऱ्यात उभे राहिले आणि त्यांचे हात दोन्ही बाजूंना लाकडासारखे लोंबले. मी माझा ठरलेला प्रश्न टाकला, ‘मिस्त्री, सांधा सरळ आहे ना हो?’

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझीच लाज वाटली. सांधा वाकडा असेल, ही शंका आणि तीही त्यांच्यापुढे! ते सरळ पाठ फिरवून सांध्याकडे तोंड करून उभे राहिले. अंगठा वरून खाली फिरवत आणला. छातीच्या उंचीवर थांबले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली. मग नख आत घालून पाहिलं.

‘इथे दोराभर फट पडलीय. तुम्ही क्लॅम्प वर लावलाय, खाली नाही. खालून उघडतंय ते.’

कॅमेऱ्याकडे पाठ, मान थोडी वळलेली, एका बाजूनं गाल आणि मिटलेले ओठ, अंगठा सांध्यावर. पंधरा-सोळा फोटो काढले. पाठीमागून काढलेलं पोर्ट्रेट हे पोर्ट्रेट का, असा वाद कुणी घालू शकेल. घालू दे. पेनच्या कोपऱ्यातून माझ्या हाती लागलेल्या गोष्टींत हा फोटो पेनपासून सर्वांत लांब आहे आणि सर्वांत चांगला आहे.

त्यांना तो दाखवला तर म्हणाले, ‘तोंड कुठंय?’ म्हणून समोरूनही चार काढले. सदरा नीट दिसेल असे. त्यांना छापून तेच देणार, आणि हाही देणार.

खाली क्लॅम्प लावला.

११ जानेवारी

मधल्या रविवारी चार जणांना बोलावलं होतं. थोडक्यात : शेजारच्या काकांनी भिंतीला पाठ घासली, अगदी मनसोक्त, कॉलेजातल्या एका मुलीनं खुर्ची कोपऱ्यात उलटी ठेवून तिच्यावर हनुवटी टेकवली, एक जण आला नाही, एकाचा फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आणि पूर्ण निर्जीव आहे, का ते कळत नाही.

आज छापाई. पेन साठच्या दशकापासून प्लॅटिनमच्या प्रिंटकडे (चांदीऐवजी प्लॅटिनम धातूनं चित्र उमटवायची जुनी रीत) वळला. कागद स्वतः लेप देऊन तयार करायचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवायचा, म्हणजे पुन्हा लेप आणि पुन्हा एक्स्पोजर देताना निगेटिव्ह केसभरही सरकत नाही. असं थरावर थर चढवून त्यानं राखाडीच्या त्या मऊ पायऱ्या मिळवल्या. माझ्याकडे इंकजेट आणि मॅट कागद. मॅट कागदावर काळा कधीच पुरता काळा होत नाही; पहिल्या प्रिंटमध्ये डावी फळी आणि मधला सांधा एकजीव होऊन गेले. सावल्या थोड्या उचलल्या तर सांधा परत आला, पण मग उजवी भिंत फिकी. शेवटी दोन्ही फळ्या वेगवेगळ्या हाताळल्या. सहा प्रिंट फुकट गेल्यावर सातवी बरी.

मिस्त्रींच्या प्रिंटमध्ये ती दोराभर फट दिसते. शोधली तर.

१८ जानेवारी

आत्याला प्रिंट नेऊन दिली. तिनं बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, ‘फोटो छान आहे रे. पण ही मी नाही. चष्म्याशिवाय मला गेल्या पन्नास वर्षांत कुणी पाहिलंय?’

मी हाताबद्दल सांगायला गेलो, तळवा, बोटं, उजेड. ती ऐकत होती. ‘हो, आंधळ्यासारखी चाचपत होते,’ म्हणाली. ‘तेच आवडलं का तुला?’

यावर काय बोलणार?

२५ जानेवारी

आत्या परत आली, चष्मा लावून, नाकावर पक्का.

यावेळी खिडकीचा खालचा अर्धा भाग काळ्या कापडानं झाकला, म्हणजे उजेड फक्त वरून येईल. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलायला सांगितल्या, म्हणजे काचा जराशा खाली झुकतात आणि खिडकीचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे न येता तिच्या पदराकडे जातं. एवढ्यानं डोळे दिसू लागले. डिसेंबरातच हे सुचायला हवं होतं. माझ्या आळसापायी मी तिचा चष्मा काढून घेतला होता. उजेड निम्मा झाला, म्हणून आयएसओ १६००.

ती सराईतासारखी आत गेली, भिंत न चाचपता. खुर्ची मागितली. बसली, चष्मा पुन्हा सारखा केला, हात मांडीवर एकावर एक. मला पोर्ट्रेटमध्ये न आवडणारी हातांची जी एक जागा आहे, नेमकी ती. मी काही म्हणालो नाही. भिंत खरखरीत आहे का, हेही विचारलं नाही.

बारा फोटो. ती पडद्यावर एकेक करून पाहत गेली आणि आठव्यावर बोट ठेवलं.

मालिकेत तोच जाईल. आधीचा माझ्या खणात आहे.

मिस्त्रींचा निरोप आलाय, फळ्यांचं काम संपलं असेल तर त्यांना कपाटाच्या पाठीसाठी हव्यात. अजून दोन माणसं बाकी आहेत. शिवाय उजव्या फळीवरचे डाग : एक तळवा, दोन खांदे, काकांच्या पाठीचा मोठा घासलेला पट्टा. रंग मारून द्याव्यात का, असं विचारलं, तर म्हणाले, ‘नको, पाठ भिंतीकडेच असते.’